तीनशे दोन

रामबागेतल्या मागच्या खोलीत, शिलाई मशीनच्या पायथ्याशी
जेल रोडवरून आणलेला जुना संगणक ठेवलाय.
बावीसशेला. पंखा खोकतो.
दुकानदार म्हणाला, "आंटी, घोड़ा है ये."
घोडा रात्रभर उभ्यानेच जागतो.

एकतीस वर्षं आर.एम.एस.मध्ये मी पत्रं लावली.
महू, देवास, सांवेर, हातोद. डोळे मिटले तरी
हात बरोबर त्या खणात जायचा.
देवासचे एक मास्तर 'ळ' असा काढत
की पाकिटावर वेटोळं घालून काहीतरी बसलंय वाटावं.
माणूस घर सोडून गेला असेल
तर जुना पत्ता लाल रेघेने कापायचा, नवा वर लिहायचा.
एवढंच.
एवढंच यंत्राला शिकवायला तीन रात्री गेल्या.

माझं नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं.
मग 'खण' घेतलं. खण, टिंब, आणि पुढे दोन अक्षरं,
वर्षाला सातशे एकोणीस रुपये.
ब्रॉडबँडचा राठौर शिडीवरूनच म्हणाला,
पक्का पत्ता हवा तर पैसे वेगळे.
म्हटलं, दे बाबा. पत्ता पक्का नसला की काय होतं
ते तू मला सांगू नकोस.
तिसऱ्या रात्री वीज गेली आणि लिहिलेलं सगळं पुसलं.

निनाद फोनवर हसला, "मावशी, फुकट मिळतं हे."
मिळत होतं. शकूच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका छापली,
खाली फोटोंचा छोटासा दुवा.
फुकटवाल्यांनी दुकान बंद केलं.
चारशे पत्रिका आता कुठेच नेत नाहीत.
बेवारस पत्रांना आमच्याकडे निदान एक ऑफिस होतं,
कारकून होता, गोंदाची बाटली होती.

मग ते पान आलं, त्यात दोन पर्याय.
तीनशे एक : कायमचं स्थलांतर.
तीनशे दोन : तात्पुरतं.
"एक टाक," निनाद म्हणाला, "ब्राउझर एकदाच विचारतो,
लक्षात ठेवतो, पुन्हा तुझ्या दारात येत नाही.
वेगवान."

मी दोन टाकलं.

पहिला दुवा केला : तिरकी रेघ, अण्णा.
थोरला भाऊ. आधी भिलाई, मग मस्कत,
आता ऑकलंड, मुलीकडे.
दरवेळी म्हणतो, "तात्पुरता गं."
त्याच्या घराचा नकाशावरचा पत्ता दोनशे अकरा अक्षरांचा आहे,
मी बोट ठेवून मोजला.
माझ्याकडे तो चार अक्षरांत मावतो, इंग्रजीतसुद्धा.
उद्या त्याने पुन्हा घर बदललं तर
आत शिरून एक ओळ कापीन.
बाहेर सगळ्यांना अण्णा तिथेच सापडेल.

सकाळी मोजणी पाहिली : सात टिचक्या.
सहा माझ्या, चालतंय का बघायला.
सातवी पहाटे तीन चाळीसची.
निनाद म्हणतो, "बॉट असेल, मावशी.
ते रात्रभर सगळ्यांची दारं ठोठावत हिंडतात."

असेल.
आमच्याकडेही पहाटेच्या गाडीची थैली उघडण्याआधी
आत कुणाचं काय आहे
ते कुणी विचारत नसे. उघडायची.

मशीनवरची ब्लाउजची कापडं मी बाजूला केली,
घोड्याला जरा वारा लागावा म्हणून.