एकेचाळीस अ

त्या जागेला आमच्या घरात नाव नव्हतं.
बाबा हाताने दाखवायचे:
चर्चचा घुमट आणि मिठागराचा बुरूज एका रेषेत आले
की जाळं वर ओढा.
खाली काहीतरी आहे, ते खातं.
सहा वर्षांत तीन जाळी गेली.
तिसऱ्याचे हप्ते बाकी होते.

मग गोझोच्या धक्क्यावर एक बोट आली,
पिवळं यंत्र दोरीला बांधून आठवडाभर समुद्र विंचरत राहिली,
आणि पडद्यावर उमटला
बडीशेपेच्या दाण्याएवढा डाग.

एकशे आठ मीटर.
तिथे बारा मिनिटं मिळतात.
त्यांचं व्याज म्हणून वर येताना
पावणेतीन तास दोरीला लटकायचं.

माझ्याकडे काम एकच: कुंभ क्रमांक एकेचाळीस.
शिक्लूना बाईंनी बजावलेलं,
कानाला धरून उचलू नकोस,
अडीच हजार वर्षांचा कान हातात येतो.

दिवा फिरवला. दिसले ते
कलंडलेले, एकमेकांवर रेललेले,
पंगत उठल्यावर ओसरीत आडवे झालेल्या पाहुण्यांसारखे.
एकात ऑक्टोपस राहत होता.
भाडं मागायला कुणी आलंय, अशा नजरेने
त्याने मला पाहिलं.

एकेचाळीसच्या गळ्याभोवती निळं नायलॉन.
सुरी लावली, आणि हात थांबला.
गाठ उलटी होती.

बाबांचं मधलं बोट कप्पीत गेलं तेव्हापासून
ते गाठ डावीकडून मारत.
अख्ख्या बंदरात एकटेच.

सातवं मिनिट.
विस्तिन मनगटावर टिचक्या मारत होता.
मी दोन्ही बाजूंनी कापलं, गाठ तेवढी राखली.
सहा मीटरवर, शेवटच्या थांब्याला,
सत्तर मिनिटं ती माझ्या मुठीत होती
आणि वर, पाण्याच्या छतावर, नुसता ऊन्हाचा गोंधळ.

कुंभ आता गोड्या पाण्याच्या टाकीत बसलाय.
बाई दर सोमवारी पाणी बदलतात.
मीठ सुटायला दोन वर्षं लागतील म्हणे.
नियमाप्रमाणे गाठीचीही नोंद झाली:
एकेचाळीस अ. नायलॉन. काळ अलीकडचा.

नोंद होण्याआधी एक रात्र मी ती घरी नेली. चोरीच म्हणा.
बाबांना आता नीट दिसत नाही.
चार बोटांनी चाचपून म्हणाले, "तिसरं."
मग बराच वेळ काही नाही.

"त्या मडक्यात काय होतं?"
गाळ.
"त्याआधी?"
द्राक्षाची दारू असावी. सोर बंदरातून निघालेली.
"किती मडकी?"
शंभरेक तरी.

त्यांनी गाठ माझ्या तळहातावर ठेवली.
"मग त्याचं नुकसान मोठं," म्हणाले.