कशाचं घर

कारखानीसबाईंनी फळीवर ठेवलं
आणि म्हणाल्या, टाके उसवलेत, घालून द्या.
मी उलटंसुलटं करून पाहिलं.
अर्धा चंद्र, जाड कातड्याचा, वितीहून थोडा मोठा,
आत मधोमध पडदा, कडेला अंगठ्याएवढा कप्पा,
पितळी बक्कल, मागे तिरक्या दोन पट्ट्या,
झाकणाखाली दाबून उमटवलेलं कानपूर, १९४१,
शेजारी कावळ्याच्या पायासारखा बाण.

चष्म्याचं घर असतं, तसं हे कशाचं घर?
सासऱ्यांच्या कपाटात होतं, त्या म्हणाल्या.
ते तर जकात नाक्यावर कारकून.
लढाई त्यांनी वर्तमानपत्रातच पाहिली.

टाके काय, घालीन.
पण किती ओझं झेलायचंय ते कळल्याशिवाय
दोरा एकेरी की दुहेरी, कसं ठरवू?
मग शोधा, म्हणाल्या,
आणि गेल्या घोडबंदर रोडला, एकविसाव्या मजल्यावर.

आठ दिवस ते खिळ्याला टांगलेलं
आणि राम मारुती रोडचं प्रत्येक गिऱ्हाईक शहाणं.
दुर्बिणीचं, म्हणाला क्लासला जाणारा पोरगा मोबाईल नाचवत;
दुर्बीण याच्या तोंडात शिरणार नाही
हे त्याच्या हाताला कळेना.
तार कापायच्या कात्रीचं, कळव्याचे सुभेदार मढवी,
ठामपणे, आणि दोन दिवसांनी परत येऊन: नसेलही.
एकीनं विचारलं, विकणार का, स्लिंग बॅग छान होईल.

राबोडीचे कासमभाई पंक्चरवाले
स्कूटरची सीट शिवायला आले,
बोलता बोलता त्यांनी त्यात हात घातला मनगटापर्यंत
आणि बोलायचे थांबले.
बोटं बाहेर आली ती तांबडी.
गंज, म्हणाले. लोखंड राहिलंय इथं, वाकडं. घाल हात.
मी घातला.
खरंच, कातड्यावर एक वळसा,
त्याच्यावर ओळीनं बारीक फोड, भोकांचे.

नाल, ताई. दोन.
एक पुढच्या पायाचा, एक मागच्या.
घोडा कुठल्या पायानं उणा पडेल, सांगून थोडाच पडतो?
छोट्या कप्प्यात खिळे. मागच्या पट्ट्यांत तलवारीचं म्यान.
हे खोगिराला लटकायचं.

तुम्हाला कसं कळलं?
पावतीवर माझं आडनाव काय लिहितेस?
नालबंद.
तीन वर्षं लिहीत होते,
जसं कुणी डोंगर न पाहता डोंगरे लिहावं.
आजा स्टेशनाबाहेरच्या टांग्यांना नाल ठोकायचा, म्हणाले,
बाप सायकली बघायचा, मी रिक्षा.
पाय तेच. नुसते गोल झाले.

मी बाईंना फोन केला.
घोड्याचं? आमच्याकडे?
लिफ्टची घंटी वाजल्याचं ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाल्या, मामंजी दर दसऱ्याला त्याला तेल लावायचे,
झेंडूचं एक फूल आत टाकायचे, दुसरं काही कधी ठेवलं नाही.
विचारलं तर म्हणत, ठेवायला दिलंय.
कुणी, ते नाही सांगितलं.

दोरा दुहेरी घेतला, मेण लावून.
जुन्याच भोकांतून आरी फिरवली, नवं एकही पाडलं नाही.
सहाव्या टाक्याला दोरा तुटला, तो माझ्या घाईनं.

संध्याकाळी कासमभाई पुन्हा आले,
वर्तमानपत्रात गुंडाळून उंबऱ्याचा नाल घेऊन.
बायकोला सांगितलेलं नाही, म्हणाले, पटकन बघ.
पडद्याच्या अलीकडे सरकवला.
बसला. जरासुद्धा वाजला नाही.

मागच्या पायाचा त्यांच्याकडेही नव्हता.

नाल त्यांनी परत नेला, रात्रीच ठोकायला हवा म्हणून.
मी पावती केली:
कारखानीस. नालांचं घर. टाके चौऱ्याऐंशी.
रुपये एकशे ऐंशी.
आणि झाकण लावण्याआधी
सहज हात घातला त्या दुसऱ्या कप्प्यात.