बारा रुपये

गिरणी बंद केली की गल्ला घरी येतो,
पिठात लोळलेला. नाण्यांना बाजरीचा वास.
मेहुणा अंबडला लेथवर होता,
त्यानं पत्र्याला भोकं पाडून चाळणी दिली:
ओता, हलवा, दहाची वर राहतात,
बाकीची खळखळ खाली.

फक्त जुना रुपया आणि नवे दोन
एकाच भोकातून पडतात.
"मापच एक आहे, वहिनी, मी काय करू?"
ती मग मी बोटांनी निवडते.
जुना रुपया जरा वजनदार लागतो.

पन्नासाची एक सुरळी.
कागद कालचा पेपर, खळ आपल्याच पिठाची.

आज हाताला निधनवार्तांचं पान आलं.
अर्धी सुरळी वळली नि दिसल्या
केवळबाई पिंगळे, मखमलाबाद.
दर शनिवारी पाच किलो गहू, जाडसर.
मागच्या खेपेला माझ्याकडेच सुट्टे नव्हते,
बारा रुपये.
"राहू दे गं, कुठं पळून चाललेय मी?"

सुरळी सोडली. पान सरळ केलं.
दुसरं घेतलं, कांद्याच्या भावाचं.

दहाचं एक, जुने रुपये दोन,
मिठाच्या बरणीमागं ठेवलेत.
नाक्यावर त्यांचा नातू टायरी काढतो म्हणतात.
त्याला काय सांगून देऊ?