राजीखुशीने

सेलूच्या तहसिलीसमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. बापूंचंच.
टाइपरायटरही त्यांचाच. त्याचा ह
ओळीच्या जरा वर उमटतो,
म्हणून हक्कसोड हा शब्द
प्रत्येक कागदावर अडखळून सुरू होतो.

मजकूर पाठ आहे.
मी लिहून देणार, राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाला बळी न पडता.
दडपण बहुधा शेजारीच उभं असतं
पांढऱ्या टोपीत, हातात पिशवी,
पिशवीत साडी,
फॉल-पिकोचे पैसे वेगळे.

बापू निजामाच्या वेळेपासूनचे दस्तलेखक.
लेकीला वाटा म्हणजे घराला फाटा,
असं गुलाबी कागदावर छापून घेतलं त्यांनी
पंचावन्न साली, कायदा येणार म्हणताना,
अन् दिल्लीला अर्ज धाडला. एकोणचाळीस सह्या.
बायकांचाही विरोध आहे हे दिसावं म्हणून
चाळीसावा, माझ्या मायचा अंगठा.
कशावर, ते तिनं विचारलं नाही.
हाताला पीठ होतं म्हणे. फिका उमटला.

त्याच बापूंनी मला टायपिंगला बसवलं.
नावं ठेवणाऱ्यांना म्हणाले,
बोटं तिची, तुमचं काय झिजायलंय?
हे मला अजून नीट जुळवता येत नाही.

पंचाहत्तर साली परभणीत मोर्चा निघाला,
त्यात मी होते. आठवडाभर घसा बसला होता.
चार वर्षांनी बापू गेले. तेरावा झाल्यावर
थोरला म्हणाला, तायडे, कागद तूच करून टाक,
बाहेर कशाला पैसे द्यायचे.
मी केला.
ह तेव्हाही वरच होता.

आता चौऱ्याण्णव. मुलीला जन्मापासून वाटा, म्हणतात.
तेव्हापासून माझ्या टेबलाशी गर्दी.
भाऊ घाईत आहेत.

काल वालूरची केवळाबाई आली, दोन भावांच्या मधे.
वाच, म्हणाली. वाचलं.
पुन्हा वाच. ते राजीखुशीचं.
वाचलं.
धाकटा म्हणाला, आक्के, अंगठा दे, एसटी निघायली.

तिनं माझं पेन घेतलं.
साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही,
के काढला, दम खाल्ला, व काढला,
अन् टोपण लावून टाकलं.
ळ येईना मला अजून, म्हणाली.
दिवाळीनंतर बघू.
मग अंगठा दे की!
अंगठा कशाला? शिकलेली बाई हाय मी.

जाताना साडीची पिशवी मात्र
तिनं थोरल्याच्या हातातून काढून घेतली.

तो स्टॅम्पपेपर माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे.
खाली नुसतं केव.
रात्री मी तो दोनदा काढून पाहिला,
का ते विचारू नका.

सकाळी मोंढ्यातल्या मिस्त्रीकडं मशीन नेलं.
ह खाली बसवून देतो, म्हणाला, वीस रुपये.
म्हटलं, राहू द्या तो.
रिबन तेवढी बदला.