पाच पाण्यांची रजा

एकवीस दिवसांची रजा म्हणजे
आमच्या गल्लीत पाच पाणी.
अनसूयानं कॅलेंडरवर निळ्या पेनानं
थेंब काढून ठेवलेत.
माझ्या जाण्याच्या तारखेवर
काहीच काढलेलं नाही.

पहिलं पाणी पहाटे तीनला आलं.
मी जागाच होतो,
अंगात अजून तिकडची रात्रपाळी,
साडेतीन तास मागं चालणारी.
पाइप कुठला, मोटरचं बटण कुठं सरकलं,
मला ठाऊक नव्हतं.
"तुम्ही जरा बाजूला उभे राहा," ती म्हणाली.
रागानं नाही,
पाहुण्याला म्हणतात तसं.

तिकडं मी डंपर चालवतो.
त्याचं चाक आमच्या पत्र्याहून उंच.
खड्ड्याच्या तळाशी उतरायचं,
तांब्याचा दगड लादायचा, वर यायचं.
बारा तास. आठ आठवडे.
आणि तळाशी रात्रंदिवस पंप चालतात,
जमिनीतून पाझरणारं पाणी
उपसून बाहेर फेकायला.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा
मी मनातल्या मनात घागरी लावत गेलो,
आमचं घर, बिटलांचं, कोपऱ्यावरची विडीवाली लक्ष्मक्का,
अख्खी साखर पेठ भरली
तरी पाइप वाहतच होता.
"काय बघतोस?" चांदानं विचारलं.
चांदा हे तिकडं पुरुषाचं नाव.
आमच्या कडक भाकरीला तो बिस्कीट म्हणतो,
शेंगाचटणी मात्र मागून खातो.
त्याला काही सांगता आलं नाही.
अनसूयाला तर मी ते पाणी
अजूनही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या पाण्याच्या दिवशी
वडिलांनी माझं काम समजून घेतलं.
चाळीस वर्षांच्या मागानं त्यांचे कान नेलेत,
ओरडून सांगावं लागतं, गल्ली ऐकते.
खाली जायचं! भरायचं! वर यायचं! परत खाली!
"म्हणजे धोटाच की बे," ते म्हणाले
आणि खूश झाले,
पोरगा घरच्याच धंद्यात राहिला म्हणून.
मीही हसलो.
रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं,
धोटा जाताना मागं सूत सोडत जातो.
त्यांच्या चादरी अजून
कुणाकुणाच्या अंगावर असतील.
माझ्या येरझाऱ्यांनी
खड्डा तेवढा रुंद होतो.

चौकात सगळे विचारतात, कवा आलास?
आणि श्वास न घेता, कवा जाणार?
विमानासाठी होटगी रोडची चिमणी पाडली
तेव्हा मल्लेशम म्हणाला होता,
चल, तुझं तर सोपं झालं.
मी अजून रात्रीची बस धरून
हैदराबादलाच जातो.

तिसरं पाणी आलंच नाही.
कुठंतरी पाइपलाइन फुटली.
टँकरमागं धावलो, दोन घागरी मिळाल्या,
एक दारात सांडली.
उरलेली एक, वेदश्री दिवसभर
येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होती,
हे पप्पांनी आणलं.

चौथ्याला बटण माझ्या हाताला आपोआप लागलं.
अनसूया उठली नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
पाण्याच्या वेळी ती झोपून राहिली.
मी अंधारात पाइप धरून बसलो.
पिंप भरत येतं तसा पाण्याचा आवाज
बारीक होत जातो,
बघायची गरजच पडत नाही.
डंपर भरताना असं काही होत नाही,
तिथं दिवा लागतो.

पाचवं पाणी सरकलं,
मी निघाल्यावर आलं.
तेव्हा मी आदिसच्या विमानतळावर
बाकावर पाय वर घेऊन बसलो होतो,
बॅगेत चटणीचे चार पुडे, वर दोन वर्तमानपत्रं.
फोनवर एकच शब्द आला:
आलं.
मी लिहिलं, वरचं पिंप आधी भर.
बराच वेळ काही नाही.
मग तिचं उत्तर,
माहितीये.