रकाना सातवा

फेब्रुवारीत जिल्हा कचेरीने मला एक तक्ता दिला.
डावीकडे, आपण काय शिकवतो.
उजवीकडे, इथे कुणाला काय हवंय.
मध्ये रेघा मारायच्या,
बालवाडीच्या पुस्तकात असतात तशा:
गाय आणि वासरू, कुलूप आणि किल्ली.

सव्वीस वर्षं मी पट्टा सांधायला शिकवतोय.
कोळसा वाहणारा पट्टा, दोन मीटर रुंद.
रबर तिरकं कापायचं, तापवायचं, दाबायचं,
आणि मग थांबायचं.
थांबणं हीच विद्या, बाकी सगळा चाकू.
चांगला सांधा रोलरवरून जातो
तेव्हा आवाज येत नाही.
हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय
की बायको झोपेत पुरं करते.
ऑक्टोबरात खाण बंद झाली.
नवी तुकडी सप्टेंबरात आलेली,
चौदा पोरं, घडी न मोडलेल्या निळ्या डांगऱ्या.

निघालो सायकलवर, कागद पाठीला लावून,
लाउझित्सच्या सपाट रस्त्यांनी.
इथे पाट्यांवर गावाला दोन नावं,
एक जर्मन, एक आमच्या सोर्बांचं.
खाणीकाठी तर अशीही पाटी आहे
की दोन्ही नावं शाबूत, गाव तेवढं नाही.

बेकरीला हवा एक, रात्री दोनला उठणारा.
पवनचक्कीवाल्यांना नऊ,
उंचीला न भिणारे, आणि तेही अनुभवी.
(अनुभव कुठून आणायचा, हा रकाना नव्हता.)
खड्ड्यात आता पाणी सोडलंय, तळं होणार,
होड्यांच्या इंजिनांना एक मिस्त्री लागेल.
कधी?
माणसाने काठावरून खाली पाहिलं.
"नदी देईल तसं. तेरा वर्षं. पंधरा."
वृद्धाश्रमाला एकोणीस.
आज. खरं तर काल.

उजवीकडे एकोणीस लिहिले, डावीकडे शून्य.
दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात;
इथे दात पेल्यांतून, ओळीने, खिडकीपाशी.

आणि तिथेच हान्झा, चादरी बदलताना.
परीक्षेत तिचा सांधा मी यंत्रावर ताणला होता.
यंत्र थकलं.
मला लाज वाटली, आणि कशाची ते उमगेना:
ती वाया गेली याची,
की मला तसं वाटलं याची.

"बारा नंबरात या," ती म्हणाली.
कितो लेमान. अडतीस वर्षं पट्ट्याशेजारी.
पट्टा थांबल्यापासून झोप नाही.
गोळ्या तो कुंडीत पुरायचा,
कुंडीतलं झाड मात्र छान झोपलेलं.
पलंगाखाली भंगारातला एक पंखा,
एका पात्याला रबराची पट्टी चिकटवलेली,
तिरकी कापलेली, माझ्याच कोनात.
घूं, घूं, टक्.
घूं, घूं, टक्.
कितो तोंड उघडं टाकून घोरत होता.

"सर, चांगल्या सांध्याचा आवाज येत नाही ना,"
ती हळूच म्हणाली,
"म्हणून हा मुद्दाम वाईट केला.
चार रात्री गेल्या वाईट करायला."

सव्वीस वर्षं मी ज्याला दोष म्हणालो
तो पलंगाखाली मोजून मापून टकटकत होता.
मी उभाच राहिलो. बाकीचं तिने केलं,
चादरीचा कोपरा गादीखाली असा दाबला,
असा थांबवून, की मला माझे हात दिसले.

घरी तक्ता उलगडला.
सातवा रकाना, "इतर", बोटभर रुंद.
पंखा लिहिला, खोडला.
कान लिहिलं. खोडलं.
कागद तेवढ्या जागी पातळ झाला.

सोमवारी पोरांना म्हणालो, चाकू ठेवा.
वृद्धाश्रमात जायचंय, फक्त ऐकायला.
मागच्या बाकावरून, अर्थातच, प्रश्न:
"सर, हे परीक्षेला आहे?"
मी म्हणालो,
तक्ता अजून मी परत दिलेला नाही.