शब्दमर्यादा

फहाहील, तिसरा मजला. खिडकीच्या फटीत
ओला टॉवेल कोंबलाय, तरी धूळ आत येतेच.
जुवेरिया अर्ज भरतेय.
बारावी अजून व्हायचीय, आणि अर्ज थेट डॉक्टरकीचा:
चार वर्षं कॉलेज, पुढची चार मेडिकल,
एकाच दाराने आत शिरायचं,
मध्ये कुणी पुन्हा अडवणार नाही.

आठ वर्षं.
आमच्या घरात एवढ्या लांबचं कुणी बोललेलं नाही.
अकामा वर्षाचा, भाडं महिन्याचं,
फ्रीजसुद्धा घेतला तो जाताना विकता येईल असा.
एकोणीस वर्षं झाली,
तो फ्रीज अजून जाताना विकायचाय.

फॉर्म विचारतो, कायमचा पत्ता.
ती बाणकोटचा लिहिते, स्पेलिंग मला विचारून.
फॉर्म विचारतो, डॉक्टरांसोबत किती तास उभी राहिलीस?
तिचे बावीस. डॉक्टर हनाननी गुरुवारी संध्याकाळी
कोपऱ्यात उभं राहू दिलं, तेवढे.
माझे किती, त्याला रकाना नाही.

रात्री अकराला ती स्वयंपाकघरात आली.
मी डब्याच्या सुरमईला मसाला चोळत होते.
अम्मी, एकच प्रश्न राहिलाय.
वाच, म्हटलं.
वाचेना.
मग नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात वाचला:
डॉक्टरच का?
नर्स का नाही, टेक्निशियन का नाही,
रुग्णसेवेतलं दुसरं काहीच का नाही?
अडीचशे शब्दांत.

नळ बंद कर, म्हटलं. कळलं मला.

मी रक्त काढते.
पॉलिक्लिनिक, दुसरी खोली, एक पडदा,
एक खुर्ची, जिचा हात उचलता येतो.
दिवसाला साठ जण.
वेल्डरांच्या शिरा दोरखंडासारख्या,
डोळे मिटून टोचावं.
म्हाताऱ्या बायकांच्या पळतात, बोटाखालून निसटतात,
त्यांना आधी चार शब्द बोलून थांबवावं लागतं.
मूठ आवळा. सोडा. झालं.
निळं टोपण आधी, मग पिवळं, जांभळं शेवटी,
हे मी झोपेतही सांगेन.

लिही, म्हटलं,
माझी आई एका फटक्यात शीर शोधते.
पण नळी भरली, चिठ्ठी लागली,
खिडकीतून पलीकडे गेली, की संपलं.
काय निघालं, माणूस बरा झाला
की विमानात बसवून घरी पाठवला,
तिला कुणी सांगत नाही.
एकोणीस वर्षं ती नुसते प्रश्न भरून देते.
मला उत्तर येतं त्या टेबलापाशी बसायचंय.
असं लिही. इंग्रजी तुझं तू बघ.

ती काही बोलली नाही.
ओट्यावर सांडलेलं मीठ
बोटाने एका जागी गोळा करत राहिली,
खूप वेळ,
मीठ तर चिमूटभरच होतं.

तिकडची मध्यरात्र म्हणजे आमचे सकाळचे आठ.
मी सातच्या ड्यूटीला निघून आलेले.
तिचे अब्बा शुऐबाची रात्रपाळी करून
बूट न काढताच तिच्या शेजारी बसले म्हणे,
फीचे डॉलर त्यांच्या कार्डातून गेले.
आठला सहा मिनिटं असताना मेसेज आला:
दोनशे त्रेसष्ट झाले होते, तेरा कापले, पाठवलं.

कुठले तेरा, मी विचारलं नाही.

खुर्चीत एक पाइपफिटर होता.
गेल्या महिन्यातही आलेला; चेहरा नाही,
कोपराजवळचा भाजल्याचा डाग ओळखीचा.
पट्टा बांधला. मूठ आवळा, म्हटलं.
शीर वर आली, शहाण्या मुलासारखी.
आणि टोचायच्या आधी,
जे मी विचारायचं नसतं,
जे या खोलीत कधीच विचारलं नव्हतं,
ते तोंडातून निघून गेलं:
मागच्या वेळी काय निघालं हो?